चेटकिणीचं मिटलेलं तोंड

आमच्या वरच्या मजल्यावर एक दंतवैद्य राहतात. दवाखाना त्यांनी सुनेच्या हवाली केला आणि स्वतः क्लॅरिनेट शिकायला घेतलं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'आ करा' म्हणणाऱ्या माणसाने उतारवयात स्वतःच्याच तोंडात काहीतरी घालून बसावं, यात एक प्रकारचा न्याय आहे असं माझं मत आहे. पण ते मी जिन्यात बोलून दाखवत नाही.

रोज संध्याकाळी डॉक्टर एकच संथ सुरावट वाजवायचे. सुरावट चांगली होती. चढायची, वळायची, सावकाश खाली उतरायची आणि शेवटच्या सुरापाशी येऊन थांबायची. तो शेवटचा सूर डॉक्टरांना लागत नसे. ते थांबायचे, श्वास घ्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर पाय टाकावा आणि तिथे पायरीच नसावी, तसं ऐकणाऱ्याचं होत असे.

माझं नाही. मी पाणीपुरवठा खात्यात आरेखक आहे. नळ कुठून जाणार, सांडपाणी कुठे वळणार, झाकण कुठे बसणार, याचे नकाशे काढतो. अर्धवट राहिलेल्या गोष्टींचा त्रास करून घेणारा माणूस आमच्या खात्यात टिकत नाही. त्रास व्हायचा तो बायकोला. ती वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानात शिरून तराजू तपासायचा हे तिचं काम. काटा मध्यावर येऊन उभा राहिला नाही तर तिला चैन पडत नाही. मग तो काटा कुणाचाही असो. रोज संध्याकाळी ती हातातलं काम थांबवून त्या सुराची वाट बघायची, आणि तो आला नाही की एक सुस्कारा टाकून पुन्हा कामाला लागायची.

एका रविवारी तिने मला समोर बसवलं आणि म्हणाली, "मी गोष्ट लिहिली आहे. परीकथा म्हणा हवं तर. ऐका."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोबद्दल काही नवीन कळेल अशी माणसाची अपेक्षा नसते. मी पेपर बाजूला ठेवला.

गोष्ट अशी होती. एका गावाबाहेर जंगल असतं. रोज संध्याकाळी त्या जंगलातून एक सुरावट ऐकू येते, पण तिचा शेवटचा सूर कधीच येत नाही. तो शोधायला जंगलात गेलेला माणूस परत येत नाही. एका मुलीचा भाऊ असाच जातो. मुलगी त्याच्यामागे जाते. जंगलाच्या मधोमध एक म्हातारी चेटकीण तोंड घट्ट मिटून बसलेली असते. तो सूर तिच्या तोंडात असतो. तो सुटला तर सुरावट पुरी होईल, आणि ती पुरी झाली की ऐकणारं सगळं गाव संपेल. म्हणून चेटकीण तो धरून बसलेली असते. पण धरून ठेवायला बळ लागतं, आणि ते बळ ती जंगलात येणाऱ्यांचे आवाज गिळून मिळवते.

इथे मी विचारलं, "तोंड मिटलेलं असताना गिळते कशी?"

"नाकाने," बायको म्हणाली आणि पुढे वाचू लागली.

शेवटी चेटकीण थकते. मुलगी तो सूर आपल्या तोंडात घेते आणि तिच्या जागी जाऊन बसते. तिकडे गावात तिची आई रोज संध्याकाळी दारात उभी राहते, जंगलाकडून येणारी सुरावट ऐकते आणि म्हणते, "आता संप एकदाची."

गोष्ट तिथे संपली. मी विचारलं, "मग भाऊ?"

"भावाचं काय?"

"तो येतो का परत?"

"नाही," ती म्हणाली. वजन कमी भरलं हे दुकानदाराला ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात.

गोष्ट वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंना आवडली. वाचनालयात मुलांसाठी नवीन दालन उघडणार होतं आणि त्यासाठी आपल्याच वाचकांकडून दोनचार लहान पुस्तकं करून घ्यायचा त्यांचा बेत होता. चित्रं मात्र लेखकानेच मिळवायची. बायकोने एका चित्रकार मुलीला गाठलं. मुलगी हुशार होती. तिने चेटकिणीला लांब पापण्या, गुलाबी गाल आणि कानापर्यंत पोचणारं हसू दिलं. हल्ली असंच चालतं, असं ती म्हणाली. बायकोने चित्रं नीट गुंडाळून परत दिली, चहा पाजला, मुलीला दारापर्यंत पोचवलं आणि मग माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही रोज काढताच की."

"मी ड्रेनेज काढतो."

"मग? जंगल काय ड्रेनेजपेक्षा अवघड आहे?"

खरं सांगायचं तर ड्रेनेजच अवघड आहे, हे तिला पटवण्याच्या नादात मी होकार देऊन बसलो.

पहिलं चित्र मी मन लावून काढलं. पट्टी, गुण्या, शाईचं पेन. झाडं सगळी सारख्या अंतरावर. पायवाटेला योग्य तो उतार दिला आणि तो कुठल्या बाजूला आहे हे बाणाने दाखवलं. बायको बराच वेळ चित्राकडे बघत राहिली.

"चेटकीण कुठे आहे?"

"ही काय."

"हे झाकण आहे."

"वरून बघितल्यावर कुणीही असंच दिसतं," मी म्हणालो. तांत्रिकदृष्ट्या माझं बरोबर होतं. पण तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलेल्या माणसाला घरात फार किंमत नसते.

मी समोरून बघायला शिकलो. सोपं गेलं नाही. जंगल जमलं, कारण झाड वाकडं आलं तरी झाड तक्रार करत नाही. मुलगी पाठमोरी काढून सुटका करून घेतली. राहिली चेटकीण. चेहरा काही केल्या येईना. डोळे एका पातळीत यायचे, नाक मधोमध उभं राहायचं, आणि एकूण चेहरा एखाद्या इमारतीच्या दर्शनी भागासारखा दिसायचा.

तळमजल्यावरच्या काकूंना यातलं सगळं माहीत होतं. त्यांना आमच्या इमारतीतलं सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं त्यावरही त्यांचा सल्ला तयार असतो. मला फाटकाशी अडवून त्या म्हणाल्या, "समोर माणूस बसवल्याशिवाय चेहरा येत नाही. डोक्यातून काढायला जाल तर डोक्यात असेल तेच येणार."

सल्ला मार्मिक होता. पण माणूस बसवायचा कोण? 'चेटकिणीसाठी जरा बसता का?' असं विचारण्याजोगं एकही घर मला आठवेना. बायकोला मी एकदा अर्ध्या वाक्यापर्यंत विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग माझ्याकडेच राहिला. शेवटी मी न्हाणीघरातला आरसा आणि दाढीचा आरसा समोरासमोर धरून माझंच नाक बाजूने न्याहाळलं आणि मापं घेऊन कागदावर उतरवलं. नाक उत्तम आलं. आवाज गिळू शकेल असं आलं.

नाक आलं आणि पाठोपाठ तोंडही आलं, तेही न ठरवता. इतके दिवस मी ते पट्टीने काढत होतो. त्या दिवशी पट्टी आरशाच्या मागे राहिली होती. मी नुसत्या हाताने एक रेघ ओढली. मध्ये किंचित दबलेली, कडांना थकलेली. आणि ती बाई एकदम तोंडात काहीतरी धरून बसली. नोकरीला लागल्यापासून पट्टी न लावता, माप न घेता काढलेली ती माझी पहिली रेघ. मी पेन खाली ठेवलं आणि उगीचच खिडकीपर्यंत जाऊन आलो.

बायकोने चित्र बघितलं. "नाक माझ्या आईचं काढलंत," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नोंद होती. माझं नाक आहे असं मी सांगितलं. तिने एकदा चित्राकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमचं कुठे एवढं आहे."

तोंडाबद्दल ती काही बोलली नाही.

चित्र वाळत घातलेलं असताना काकू वर आल्या. त्या चित्रासमोर हात मागे बांधून उभ्या राहिल्या.

"हे नाक माझं आहे," त्या म्हणाल्या.

"नाही हो काकू."

"फाटकाशी त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मला तेव्हाच शंका आली होती. असू दे. नाक बरोबर आलंय, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मी कधी असा ठिगळांचा झगा घातलाय?"

मी पुन्हा एकदा सांगितलं की नाक माझं आहे. काकूंनी माझ्याकडे दयेने बघितलं. दुसऱ्याचं नाक आपलं म्हणून सांगणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. झग्याची ठिगळं काढून टाकावीत असं त्यांनी सुचवलं, मी ती निम्मी केली, आणि मग त्यांनी टेबलावरचं हस्तलिखित चाळायला घेतलं. तिथेच बसून पूर्ण वाचलं आणि सरळ वरच्या मजल्यावर गेल्या.

पाठोपाठ डॉक्टर खाली आले. डॉक्टर सभ्य गृहस्थ आहेत. दारातच उभे राहून म्हणाले, "माझ्या वाजवण्याने लोक मरतात असं वहिनींनी लिहिलंय म्हणे."

"तसं नाही, डॉक्टर," बायको म्हणाली. "तुमच्या वाजवण्याने कुणी मरत नाही. तुम्हाला तो शेवटचा सूर लागला तर मरतील."

यामुळे डॉक्टरांचं समाधान होईल असं तिला का वाटलं, हे मला माहीत नाही. डॉक्टर वर गेले. त्यानंतर कित्येक संध्याकाळी क्लॅरिनेट वाजलं नाही. मग एक शिकवणारे गृहस्थ काळी पेटी घेऊन जिना चढताना दिसू लागले. आणि एके दिवशी, आम्ही भाजी निवडत असताना, ती सुरावट पुन्हा सुरू झाली. चढली, वळली, खाली उतरली, आणि शेवटचा सूर आला. अगदी स्वच्छ.

बायकोचा हात थांबला. जरा वेळाने ती म्हणाली, "एवढाच होता?" आणि पुन्हा भाजी निवडू लागली. त्यानंतर ती संध्याकाळची थांबेनाशी झाली.

चित्रं पुरी करून आम्ही वाचनालयात नेली. पुस्तक छापायचं तर आधी बालविभागाच्या समितीने ते मंजूर करायला हवं. समितीत अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक, सदस्य म्हणून एक विमा एजंट, आणि चहा सांगण्यासाठी ग्रंथपालबाई. दालनाची किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई रजेवर होता, म्हणून पहिली बैठक जिन्यात झाली आणि ती झालीच नाही असं धरावं असं ठरलं. दुसऱ्या बैठकीत चित्रं टेबलावर मांडली गेली.

"चित्रं स्वच्छ आहेत," अध्यक्ष म्हणाले. माझ्या अनुभवात वरिष्ठ 'स्वच्छ' म्हणाले की पुढे काहीतरी घाण निघते. "पण ही बाई अशी तोंड मिटून का बसली आहे?"

"तिच्या तोंडात सूर आहे," बायको म्हणाली.

"ते आहेच. पण थोडं हसू दाखवता येणार नाही का? मुलांना धीर येईल."

"हसली तर तोंड उघडेल."

"मिटल्या तोंडानेही हसता येतं," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी हसून दाखवलं. विमा एजंट टेबलाकडे बघायला लागले. ग्रंथपालबाई चहा सांगायला उठल्या.

मग विमा एजंटनी घसा साफ केला. "माझा मुद्दा शेवटाचा आहे. मुलीने घरी यायला हवं. जंगलात तोंड मिटून बसण्यात त्या मुलीला भवितव्य काय?"

बायकोने ओठ घट्ट आवळले. शेवट बदलायचा असेल तर ती पुस्तक उचलून घरी जाईल, हे मला दिसत होतं. आता माझ्याबद्दल सांगायला हवं. आमच्या कार्यालयात अशा वेळी म्हणायचं एक वाक्य आहे. 'सुधारित आराखडा सादर करतो.' हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ते माझ्या आधी उठून उभं राहतं. त्या दिवशीही ते ओठांवर आलं. तेवढ्यात अध्यक्षांनी पेन्सिल घेतली, आणि चेटकिणीच्या ओठांच्या कडा किंचित वर कशा करता येतील हे दाखवायला ती माझ्या रेघेच्या दिशेने नेली.

"तोंड असंच राहील," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायकोसुद्धा. मीही आजूबाजूला बघितलं, न जाणो दुसरं कुणी बोललं असेल. पेन्सिल हवेत थांबली.

"म्हणजे?" अध्यक्ष म्हणाले.

"म्हणजे, नाक बदला हवं तर. झगा बदला. झाडं काढून टाका. तोंडाला हात लावायचा नाही."

असं बोलल्यावर पुढे काय करायचं असतं याचा मला काहीच अनुभव नव्हता, त्यामुळे मी चहा प्यायलो. अध्यक्षांनी मुख्याध्यापकाला शोभेल असा तोडगा काढला. वाचनालयात मुलांना बोलावून गोष्ट वाचून दाखवायची, चित्रंही दाखवायची. एक जरी मूल रडलं तर शेवटही बदलायचा आणि तोंडही.

"रडणं म्हणजे नक्की काय धरायचं?" बायकोने विचारलं. "डोळ्यात पाणी, की आवाज?"

"आवाज," अध्यक्ष जरा विचार करून म्हणाले. तिला ते माप मान्य झालं.

डॉक्टरांना बोलवायची कल्पना ग्रंथपालबाईंची. संगीत असलं की वातावरण हलकं राहतं, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांना आनंद झाला. फक्त एकच अट होती, शेवटचा सूर वाजवायचा नाही.

"तो न लागावा म्हणून इतके दिवस मेहनत घेतली नव्हती मी," डॉक्टर म्हणाले. पण कबूल झाले.

वाचनाच्या दुपारी दालन मुलांनी भरलं. पालकांना बाहेर बसवलं होतं. दालनातल्या खुर्च्या मुलांच्या मापाच्या होत्या. चित्रं धरायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मला सर्वांत पुढची, हात असलेली खुर्ची मिळाली. मी तिच्यात बसलो. बसताना काही अडचण आली नाही. अडचण नंतरची होती. जरा पुढे सरकायला गेलो तेव्हा खुर्चीही माझ्याबरोबर पुढे आली. मी ते कुणाच्या लक्षात येऊ दिलं नाही. आरेखकाला बसून काम करायची सवय असते.

बायको वाचू लागली. ती चांगली वाचते हे मला माहीत नव्हतं. आवाज चढवणं नाही, हातवारे नाहीत. गुन्हा नोंदवून घेतल्यासारखी एकेक गोष्ट ती मांडत गेली आणि मुलं पुढे सरकत गेली. चेटकिणीचं चित्र मी वर धरलं तेव्हा पहिल्या रांगेतल्या तिघाचौघांनी आपोआप तोंडं मिटली. मला फार बरं वाटलं. मी चित्र जरा जास्तच वेळ धरून ठेवलं.

"आणि तिची आई रोज दारात उभी राहते," बायकोने शेवट वाचला, "आणि म्हणते, आता संप एकदाची."

तिने मान हलवून खूण केली. डॉक्टरांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं. सुरावट चढली, वळली, सावकाश खाली उतरली आणि थांबली. डॉक्टरांनी श्वास घेतला. आणि मी त्यांची बोटं बघितली. इतक्या कष्टाने शिकवलेली बोटं मालकाची वाट बघत नाहीत. शेवटचा सूर लागला. फार सुंदर लागला. दालनाच्या कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन तो सावकाश विझला.

कुणी हललं नाही. मग पहिल्या रांगेतल्या एका मुलाने डावीउजवीकडे बघितलं आणि गुपचूप जमिनीवर आडवा झाला. त्याच्या शेजारची मुलगी आडवी झाली. मग तिच्या मागची रांग. थोड्याच वेळात दालनातली जवळजवळ सगळी मुलं डोळे मिटून जमिनीवर पडली होती.

"सवयीने लागला हो," डॉक्टर पुटपुटले.

अध्यक्ष पुढे आले. "मुलांनो, उठा बघू. कार्यक्रम संपला."

"आम्हीपण," खालून कुणीतरी म्हणालं.

"मेलेली माणसं बोलत नाहीत," दुसऱ्याने डोळे न उघडता त्याला दटावलं.

अध्यक्षांनी मुख्याध्यापकाचा आवाज लावला. इतकी मुलं त्या आवाजाला एकत्र दाद देत नाहीत, हा अनुभव त्यांना नवा होता. त्यांच्या पायाशी पडलेली एक लहानगी त्यांना समजावणीच्या सुरात म्हणाली, "आजोबा, तुम्हीपण ऐकलं ना? मग मरा ना."

यावर समितीत एकवाक्यता नव्हती. विमा एजंटनी आधी खिशातला रुमाल काढला, जमिनीवर पसरला आणि त्यावर डोकं ठेवून व्यवस्थित आडवे झाले. ग्रंथपालबाई कपाटाला टेकून बसल्या. डॉक्टरांनी मान खाली घातली. मला पडणं शक्यच नव्हतं, म्हणून मी बसल्या जागी मान टाकली. शेवटी अध्यक्षांनी चष्मा काढून खिशात ठेवला, आणि पालकांनी दार उघडून आत डोकावायला आणि त्यांनी जमिनीला पाठ टेकायला एकच गाठ पडली.

पिवळ्या स्वेटरची एक मुलगी तेवढी उभी होती. तिला क्लॅरिनेटची भीती वाटत होती म्हणून तिने कान बंद करून घेतले होते, आणि त्यामुळे ती जगली होती. ती सगळ्यांमधून हळूहळू फिरली. एकदोघांना वाकून बघितलं. मग बायकोसमोर जाऊन थांबली. बायकोही डोळे मिटून बसली होती. मुलीने थोडा विचार केला. डॉक्टरांकडे गेली, क्लॅरिनेटच्या तोंडाशी ओंजळ धरली, त्यातलं काहीतरी जपून उचललं, आपल्या तोंडात घातलं आणि ओठ मिटले.

सगळी मुलं उठली. एकदम गोंगाट झाला आणि चपलांची शोधाशोध सुरू झाली. दोन पालक आणि ग्रंथपालबाई यांनी मिळून मला खुर्चीतून सोडवलं. अध्यक्षांनी पाठ झटकली आणि जरा नाराजीनेच म्हणाले, "रडलं मात्र कुणी नाही." पुस्तक मंजूर झालं. यापुढे वाचनाच्या वेळी वाद्य नको, एवढाच शेरा पडला.

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण संध्याकाळी दारावरची बेल वाजली. बाहेर पिवळ्या स्वेटरची मुलगी आणि तिची आई.

"ही दुपारपासून बोलत नाही," आई म्हणाली. "खात नाही, पाणी पीत नाही. तुमची गोष्ट ऐकून आल्यापासून तोंड उघडलेलं नाही." ती ओरडून बोलत नव्हती, त्यामुळे ऐकायला जास्त जड जात होतं.

मी वर जाऊन डॉक्टरांना घेऊन आलो. डॉक्टरांनी मुलीचा जबडा बोटांनी चाचपला आणि ममतेने म्हणाले, "आ कर, बाळ." मुलीने नकाराची मान हलवली. "जबडा उत्तम आहे," डॉक्टर आईला म्हणाले. एव्हाना काकूही वर आल्या होत्या. त्यांनी गुदगुल्या सुचवल्या आणि लगेच केल्याही. मुलगी वाकली, पिळवटली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ओठ सुटले नाहीत.

"अगं, खोटं असतं ते," आई काकुळतीला येऊन म्हणाली. "गोष्ट आहे ती."

मुलीने आईकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता. आईला वाचवण्यासाठीच आपण हे धरून ठेवलंय आणि ते आईला सांगता येत नाही, असा तो चेहरा होता. मी नकळत बायकोकडे बघितलं. इतका वेळ ती भिंतीशी उभी होती. आता पुढे येऊन मुलीसमोर गुडघ्यांवर बसली.

"जड आहे का?" तिने विचारलं.

मुलीने मान हलवली. हो.

"खूप?"

हो.

"मला दे. मी धरते."

मुलगी तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर माझ्याकडे वळली.

"हे आहेत ना घरात," बायको म्हणाली. "मी थकले की हे धरतील."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण मुलगी मला पायापासून डोक्यापर्यंत तपासत होती, आणि दुपारी खुर्चीत अडकलेल्या माणसावर कितपत भरवसा ठेवावा याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मी शक्य तितका ताठ उभा राहिलो. शेवटी तिने ओंजळीत तोंड रिकामं केलं आणि ओंजळ बायकोच्या हातावर उपडी केली. बायकोने तळहात तोंडाशी नेला आणि ओठ मिटले.

"गिळायचं नाही," मुलगी म्हणाली. मग तिने पाणी मागितलं, दोन पेले प्यायली, आणि जिना उतरताना खालच्या दारापर्यंत तिचा अखंड आवाज येत होता. डॉक्टर वर गेले, काकू खाली गेल्या.

मी दार लावलं. "झालं बुवा," मी म्हणालो. "गेली ती."

बायकोने माझ्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं दमली असेल. मी तिच्यामागे जाऊन मंजुरीबद्दल बोललो, अध्यक्षांच्या पाठीला लागलेल्या धुळीबद्दल बोललो. उत्तर आलं नाही. ताटं मांडली गेली. ती समोर बसली आणि जेवेना.

"अगं, आता कोण बघतंय?"

तिने नुसती मान हलवली. दिलेला शब्द दिलेला, कुणी बघो न बघो. हे मला माहीत असायला हवं होतं. बंद दुकानाचा तराजूही ती खिडकीतून तपासते. थोड्या वेळाने तिने तळहात तोंडाशी नेला आणि तो टेबलावरून माझ्यासमोर धरला.

आमच्या खात्यात लेखी आदेशाशिवाय कुणी कुठलीही जबाबदारी स्वीकारत नाही. मी तळहाताकडे बघितलं. त्यात काहीच नव्हतं. मग मी ते जपून उचललं, तोंडात ठेवलं आणि ओठ मिटले.

बायकोने पहिला घास घेतला. चांगली भुकेली होती. बराच वेळ ती जेवत राहिली आणि मी बघत राहिलो. मग ताटाकडे बघतच ती म्हणाली, "ते तोंड मात्र तुम्ही फार चांगलं काढलंय."

मी काहीच बोलू शकलो नाही.

"सकाळी निघायच्या आधी मला परत द्या," ती म्हणाली. "तुम्हाला ऑफिसात बोलावं लागतं."

मी मान डोलावली. तसं ऑफिसात मला फारसं काही बोलावं लागत नाही. पण ते सांगायला तोंड उघडावं लागलं असतं.